आवर्तन शेवटच्या बाकापासून

एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा, १०८९ चौरस फूट. शिरूर-दौंडकडच्या मुलांना हा हिशेब वेगळा शिकवावा लागत नाही. बांधाची भांडणं, भावाभावांतल्या वाटण्या आणि हायवेकडेचं प्लॉटिंग हे सगळं त्यांच्या घरात गुंठ्यांतच बोललं जातं. आता समजा, तत्त्वज्ञानाच्या पहिल्याच तासाला मॅडमनी फळ्यावर एका गुंठ्याचा चौरस काढला आणि विचारलं, "मला दोन गुंठ्यांचा प्लॉट पाहिजे, पण तोही चौरसच पाहिजे. बाजू किती फूट धरू?"

पहिलं उत्तर बहुधा "सहासष्ट" असंच येईल. जागा दुप्पट, तर बाजू दुप्पट. मॅडम त्याला चूक म्हणत नाहीत. उत्तर देणाऱ्यालाच पुढे बोलावून ६६ फुटांचा चौरस काढायला लावतात आणि त्यात ३३ फुटांचे किती बसतात ते मोजायला सांगतात. चार बसतात. दोन गुंठे मागितले होते, चार झाले. मग कुणीतरी मधला मार्ग काढतो: दीडपट, साडेएकोणपन्नास फूट. गुणाकार केला की सव्वादोन गुंठे भरतात. तेही जमत नाही. आता वर्ग गप्प होतो, पण कुणाचं लक्ष फळ्यावरून हटत नाही. आपल्याला हे येतं असं सगळ्यांनाच वाटत होतं.

त्यानंतर मॅडम एवढंच विचारतात, "चार गुंठ्यांच्या ह्या चौरसातला प्रत्येक गुंठा अर्धा करता येईल का?" कुणीतरी खडू घेऊन चारही गुंठ्यांत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरक्या रेघा मारतं. मधोमध एक तिरपा चौरस तयार होतो. त्यात चार अर्धे गुंठे आहेत, म्हणजे दोन गुंठे. त्याची बाजू म्हणजे एका गुंठ्याचा कर्ण, साधारण ४६ फूट ८ इंच. उत्तर सापडलं ते चुकलेल्या उत्तराच्याच आकृतीत.

हा धडा सुमारे चोवीसशे वर्षांचा आहे. प्लेटोच्या 'मेनो' ह्या संवादात सॉक्रेटिस शाळेत न गेलेल्या एका गुलाम मुलाला असंच विचारतो. तिथला चौरस दोन फुटांचा आहे. तो मुलगाही आधी बाजू दुप्पट करतो, मग दीडपट करतो, मग अडतो आणि शेवटी कर्णापाशी पोचतो. विद्यापीठात तत्त्वज्ञान संवादातून शिकवावं असं म्हणणारे बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात, आणि ते योग्यच आहे. ह्या एका प्रसंगात पद्धतीचे दोन गुण दिसतात. चुकीचं उत्तर शिक्षकाच्या अधिकारानं खोडलं गेलं नाही, ते त्याच्या स्वतःच्या परिणामांनी पडलं. आणि शिकण्याची खरी सुरुवात "मला येतं" ह्या समजुतीला तडा गेला तेव्हा झाली.

पण हा प्रसंग तेवढाच फसवाही आहे. सॉक्रेटिसला उत्तर आधीपासून माहीत होतं. आपल्या मॅडमनाही माहीत होतं. मुलं ज्या वाटेनं गेली ती त्यांनी आधीच आखून ठेवली होती. भूमितीत हे चालतं. तत्त्वज्ञानाचे खरे प्रश्न मात्र असे नसतात.

ज्याचं उत्तर मॅडमकडेही नाही

दौंड तालुक्याचा मोठा भाग खडकवासल्याच्या उजव्या कालव्यावर जगतो. हा कालवा हवेली आणि दौंड ओलांडून इंदापूरपर्यंत जातो, आणि त्याच धरणसाखळीतून पुणे शहराला पिण्याचं पाणी मिळतं. शिरूरकडे चिंचणीचं घोड धरण आहे. दोन्हीकडे उन्हाळ्यात एकच प्रश्न रोजच्या तोंडी असतो: आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, कधी सुटणार आणि टेलला, कालव्याच्या शेवटच्या टोकाला, पाणी पोचणार का? दुसरा तास ह्या प्रश्नावर घेतला, तर तो काहीसा असा होईल.

"पाटाला पाणी सुटलं. आधी कुणाला मिळावं?"

"ज्याचं रान पाटाला लागून आहे त्याला. पाणी त्याच्या बांधावरनंच जातंय ना, मॅडम."

"म्हणजे जवळ असणं हा हक्काचा आधार झाला. तुझं रान टेलला असतं तर?"

"तर मी भांडलो असतो."

"कशाच्या जोरावर? जवळ तर तू नाहीस."

"पाणीपट्टी मीपण भरतो की."

"म्हणजे आता आधार बदलला. जवळपणा गेला, पैसे आले. मग ज्याची पाणीपट्टी थकली, त्याचं पीक वाळू द्यायचं?"

इथं दोन-तीन जण एकदम बोलतात. कुणी म्हणतं, ऊस लावणाऱ्यानं थांबावं आणि जनावरांच्या चाऱ्याला आधी पाणी द्यावं. कुणी म्हणतं, पुण्याला पिण्याचं पाणी सगळ्यांत आधी, ते तर सरकारही मान्य करतं. मग शेवटच्या बाकावरची एक मुलगी म्हणते, "मॅडम, आम्हाला रानच नाही. पण पाणी आलं तर आईला खुरपणी मिळते, नाही आलं तर मिळत नाही. मग आमचा वाटा कशात धरायचा?"

आतापर्यंतच्या प्रत्येक उत्तरात एक गोष्ट न बोलता धरलेली होती: पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला असतो. शेवटच्या बाकावरच्या प्रश्नानं ती उघडी पडली. मॅडमकडे ह्याचं ठरलेलं उत्तर नाही आणि ते नाही हे वर्गाला दिसतं. खरा संवाद इथून सुरू होतो.

ह्या मुलीच्या प्रश्नाला शेजारच्याच पुरंदर तालुक्यात एकदा कृतीतून उत्तर दिलं गेलं आहे. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे ह्यांनी नायगावला काम उभं केलं, १९७४मध्ये ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापन झालं आणि पाणी पंचायतीचे नियम ठरले. पाणी जमिनीच्या क्षेत्रावर न देता घरातल्या माणसांच्या संख्येवर द्यायचं. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. जमिनीबरोबर पाण्याचा हक्क विकला जाणार नाही. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. उसाला पाणी नाही. हे नियम सिंचनाच्या व्यवस्थेचे म्हणून वाचले जातात. वर्गात वाचताना मात्र ते न्यायाचा एक पूर्ण सिद्धान्त होऊन समोर येतात, आणि त्या सिद्धान्तावर आक्षेपही लगेच येतात. ज्यानं कर्ज काढून विहीर पाडली, त्याच्या कष्टाचं काय? घरात माणसं जास्त म्हणून पाणी जास्त, हे बरोबर का? कोणतं पीक घ्यायचं हे समूहानं ठरवावं का?

ह्या टप्प्यावर मॅडमनी पुस्तकं उघडावीत. 'ज्याच्या कष्टाचं त्याचं' असं म्हणणाऱ्या मुलाला जॉन लॉक सापडतो. गरजेवर बोट ठेवणाऱ्याला मार्क्स भेटतो. मग जॉन रॉल्सचा १९७१चा न्यायविचार समोर ठेवता येतो: कालव्यावर आपलं रान हेडला, म्हणजे सुरुवातीच्या टोकाला येणार, टेलला येणार की आपल्याला रानच नसणार, हे माहीत नसताना पाणीवाटपाचे नियम ठरवायला बसलो, तर कोणते नियम मान्य करू? रॉल्सनं पाटाच्या पाण्यावर लिहिलेलं नाही, पण त्याचा प्रश्न दौंडच्या मुलाला ह्या वाटेनं गेल्यावर चटकन कळतो. तोच विचार 'टीप लिहा' म्हणून वाट्याला आला असता, तर पाठ झाला असता आणि परीक्षेनंतर विसरला गेला असता. आता तो मुलाच्या स्वतःच्या एका अडलेल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून आला आहे, आणि ते उत्तर पटलं नाही तर का पटलं नाही हेही त्याला सांगता येतं.

वाद ह्या शब्दाचा जुना अर्थ

आजच्या मराठीत वाद म्हणजे भांडण. "त्यांचा वाद आहे" म्हटलं की कोर्ट-कचेरीच डोळ्यांपुढे येते. अक्षपाद गौतमाच्या न्यायसूत्रांत मात्र हा शब्द सर्वांत वरच्या पायरीवर आहे. तिथं चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. दोन्ही बाजू प्रमाणं आणि तर्क वापरून सत्य शोधायला बसतात, तो वाद. जिंकण्यासाठी शब्दच्छल आणि आडवळणंही वापरली जातात, तो जल्प. स्वतःची कोणतीही बाजू न मांडता समोरच्याची फक्त मोडायची, ती वितंडा.

वाद कुणाशी करावा हेही तिथं सांगितलेलं आहे: शिष्याशी, गुरूशी, बरोबर शिकणाऱ्याशी, ज्यांच्या मनात असूया नाही अशांशी. म्हणजे गुरू आणि शिष्य एकाच चर्चेत दोन बाजूंना बसू शकतात, हे ह्या परंपरेनं गृहीत धरलेलं आहे. जल्प आणि वितंडेलाही तिथं जागा आहे, पण ती कुंपणाची. कोवळ्या रोपाभोवती जनावरांसाठी काटेरी फांद्या लावतात, तसं सत्याच्या रक्षणासाठी त्यांचा वापर करावा. शेतकऱ्याच्या पोराला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. कुंपण लागतंच, पण कोणी कुंपणाचं पीक काढत नाही.

वैद्यांनाही हा फरक ठाऊक होता. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यानं दुसऱ्या वैद्याशी चर्चा कशी करावी ह्यावर सविस्तर विवेचन आहे. तिथंही स्नेहानं केलेली संधाय संभाषा आणि चढाओढीनं केलेली विगृह्य संभाषा असे दोन प्रकार वेगळे काढलेले आहेत.

ही विभागणी आजच्या कॉलेजात फार कामाची आहे, कारण महाराष्ट्रातल्या कॉलेजांना वादविवाद स्पर्धेची मोठी हौस आहे. स्पर्धेत बाजू वाटून मिळते, घंटा वाजते, करंडक मिळतो. तिथं धीटपणा येतो, भाषा तयार होते, आणि ते मोलाचंच आहे. पण ती जल्पाची शाळा आहे. तिथं समोरच्याचं म्हणणं पटलं तरी तसं कबूल करण्याची सोय नाही. तत्त्वज्ञानाच्या वर्गात नेमकं तेच करायला शिकायचं असतं. "तुझा मुद्दा मला खोडता येत नाही, मला माझं मत बदलावं लागेल" हे वाक्य जिथं लाज न वाटता बोलता येतं, तिथं वाद सुरू झाला असं समजावं.

ह्या परंपरेतलं दुसरं हत्यार म्हणजे पूर्वपक्ष. जुना ग्रंथकार स्वतःचं मत मांडण्याआधी विरोधकाचं मत त्याच्या सगळ्या ताकदीनिशी मांडतो. पूर्वपक्ष लंगडा मांडला, तर उत्तरपक्षाला किंमत राहत नाही. आणि ही रीत फक्त पंडितांपुरती राहिली असंही नाही. शाहिरांच्या कलगी-तुऱ्यात भेदिकाचा सवाल टाकला जातो आणि समोरच्या फडाला त्याचा जबाब द्यावा लागतो. शिव थोर की शक्ती, आधी काय आणि मागून काय, असे प्रश्न गावच्या जत्रेत रात्र रात्र रंगत आले आहेत. शिरूर-जुन्नरच्या पट्ट्यात तमाशाचं वेड पिढ्यांचं आहे. तिथल्या मुलांना सवाल-जबाब परका नाही. वर्गात तो परका वाटतो, कारण वर्गात बोलायचं असतं हेच कुणी त्यांना सांगितलेलं नसतं.

ज्यांच्या नावानं विद्यापीठ आहे

शिरूरचं बोरा महाविद्यालय काय किंवा दौंडचं कटारिया महाविद्यालय काय, दोन्ही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. १९४९मध्ये सुरू झालेल्या ह्या विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव २०१४मध्ये मिळालं. जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' (१८७३) संवादाच्या रूपात लिहिलेली आहे: धोंडीबा विचारतो आणि जोतीराव सांगतात. त्यांच्या निधनानंतर १८९१मध्ये प्रसिद्ध झालेलं 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक'ही प्रश्नोत्तरांतूनच पुढे सरकतं. ज्यांना शेकडो वर्षं प्रश्न विचारण्याचीच बंदी होती, त्यांच्यासाठी लिहिताना फुल्यांनी आशयाइतकाच घाट विचारपूर्वक निवडला. वाचणाऱ्याला त्यात स्वतःची जागा सापडते, ती धोंडीबाच्या शेजारी.

दौंड तालुक्याला ह्याहून जवळचं एक उदाहरण आहे. पुणे-दौंड लोहमार्गावरच्या केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. रमाबाई १८५८मध्ये जन्मल्या आणि १९२२मध्ये केडगावलाच वारल्या. १८७८मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांची विद्वत्ता पारखून त्यांना 'सरस्वती' ही पदवी दिली होती. पुढे त्या इंग्लंडला गेल्या आणि १८८३मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण धर्म स्वीकारला म्हणून प्रश्न विचारणं सोडलं नाही. त्रैक्याचा सिद्धान्त बुद्धीला कसा पटवून घ्यायचा? माझ्या सदसद्विवेकावर चर्चच्या अधिकाऱ्याचा हक्क कुठून आला? ज्या मठवासिनीला त्या धर्ममाता मानत, त्या सिस्टर जेराल्डिनना ह्या प्रश्नांत अहंकार दिसला. त्यांना आज्ञापालन हवं होतं. चेल्टनम लेडीज कॉलेजच्या प्राचार्य डोरोथिया बील ह्यांनी मात्र रमाबाईंच्या शंकांना पत्रांतून युक्तिवादानं उत्तरं दिली आणि त्यांचे आक्षेप गंभीरपणे घेतले. हा पत्रव्यवहार १९७७मध्ये पुस्तकरूपानं प्रसिद्ध झाला.

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यानं ही पत्रं जरूर वाचावीत. एकाच विद्यार्थिनीच्या एकाच प्रश्नाला शिकवणाऱ्या दोघी किती वेगळं उत्तर देऊ शकतात, हे त्यात दिसतं. प्रश्न विचारणाऱ्या मुलीला उद्धट ठरवणं सोपं असतं. तिच्या प्रश्नाला तोडीस तोड उत्तर देण्यासाठी आधी स्वतःला पुन्हा विचार करावा लागतो.

१९८३ सालचे दोन प्रयोग

पुणे जिल्ह्यात १९८३मध्ये शिकण्याचे दोन प्रयोग झाले. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग ह्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. करत करत शिकायचं, हाताला कळलं की डोक्याला कळतं, हे त्याचं सूत्र. दुसरा प्रयोग पुणे शहरातला. तत्त्वज्ञ दया कृष्ण आणि मे. पुं. रेगे ह्यांच्या पुढाकारानं परंपरेत शिकलेले नैयायिक पंडित आणि विद्यापीठांत पाश्चात्त्य तत्त्वज्ञान शिकवणारे प्राध्यापक समोरासमोर बसले. विषय होता बर्ट्रंड रसेलची 'विधान' ही संकल्पना.

रसेलसारख्यांच्या मांडणीत खरं किंवा खोटं असतं ते विधान, मग ते कुणी मनात आणो वा न आणो. न्यायपरंपरेत खरं-खोटं ठरतं ते ज्ञान, आणि ज्ञान नेहमी कुणाचं तरी असतं. त्याच्यापासून सुटं असं 'विधान' मानायचंच कशाला? हा आक्षेप रसेलच्या वाचकाला मुळापर्यंत नेतो. पंडितांना रसेल संस्कृतात समजावून सांगायचा, तर आधी प्राध्यापकांना तो स्वतःला नीट कळलेला असावा लागतो. इंग्रजी संज्ञेची ढाल तिथं उपयोगी पडत नाही. ह्या संवादाचा ग्रंथ 'संवाद' ह्याच नावानं १९९१मध्ये निघाला.

हे मोठ्या विद्वानांचं काम आहे आणि तालुक्याच्या कॉलेजाला त्याचा काय उपयोग, असं कुणी म्हणेल. उपयोग सरळ आहे. तालुक्याच्या वर्गात रोज दोन भाषा समोरासमोर असतात: पुस्तकाची आणि घरची. संज्ञा पुस्तकातल्या, अनुभव घरचा. ज्या विद्यार्थ्याला 'वितरणात्मक न्याय' ही संज्ञा "पाण्याची पाळी कशी लावायची" ह्या भाषेत उलटवून सांगता येते, त्याला ती कळली. शिक्षकाचीही तीच परीक्षा आहे. आणि पाबळचं सूत्र इथंही लागू पडतं. पोहण्यासारखंच तत्त्वज्ञानही स्वतः केल्यावाचून येत नाही. आक्षेप ऐकणं, तो पेलणं, आपलं म्हणणं दुरुस्त करणं, हे तत्त्वज्ञानातलं हातांनी करायचं काम आहे.

ऐंशी मुलांच्या वर्गात

जर्मन तत्त्वज्ञ लेओनार्ड नेल्सन ह्यानं १९२२मध्ये गटिंगेनला सॉक्रेटिसच्या पद्धतीवर एक प्रसिद्ध व्याख्यान दिलं. त्याच्या आणि त्याचा शिष्य गुस्ताव्ह हेकमान ह्याच्या कामातून वर्गासाठी काही नियम तयार झाले. शिक्षकानं स्वतःचं मत सांगू नये. बोलणाऱ्यानं कुण्या थोरामोठ्याचा आधार न घेता स्वतःच्या अनुभवातलं ठोस उदाहरण द्यावं. एकमेकांचं म्हणणं खरंच कळलं आहे का, हे सतत तपासावं. चर्चा मूळ प्रश्नाला धरून ठेवावी.

नेल्सनचे गट लहान होते. आपल्याकडे वर्गात ऐंशी मुलं असली, तर पाच-पाच जणांचे गट करावे लागतील. त्यासाठी एक नियम पुरेसा आहे: समोरच्याच्या म्हणण्यावर आक्षेप घेण्याआधी ते त्याच्याच तोंडावर पुन्हा मांडायचं, आणि "हो, मला हेच म्हणायचंय" असं तो म्हणाला की मगच बोलायचं. हा पूर्वपक्षच आहे. पुढच्या तासाला बाजू बदलाव्यात. हेडच्या बागायतदाराच्या मुलानं भूमिहीनाची बाजू मांडावी, आणि शेवटच्या बाकावरच्या मुलीनं विहीर पाडणाऱ्याची. लेखी कामात दोन आवाजांचा संवाद लिहायला द्यावा आणि गुण द्यावेत ते स्वतःच्या मताविरुद्धचा सर्वांत बळकट आक्षेप शोधल्याबद्दल. गाइडमधून उतरवून काढता येणार नाही असं हे काम आहे.

दोन धोक्यांकडे लक्ष ठेवावं लागतं. पहिला, "प्रत्येकाचं आपापलं मत" म्हणून विषय संपवण्याचा. दोन मतं शेजारी शेजारी ठेवली म्हणजे संवाद होत नाही. ती एकमेकांना भिडावी लागतात, आणि कधीतरी त्यांतलं एक मागे घ्यावं लागतं. दुसरा धोका अधिक खोल आहे. वर्गात गप्प बसलेला प्रत्येक जण सहमत असतो असं नाही. आडनाव, बोली, बाई असणं, घरात कुणी शिकलेलं नसणं, ह्या सगळ्याचं ओझं घेऊन मुलं बाकावर बसतात. पुढच्या बाकावरची चार मुलं प्रत्येक प्रश्नाला हात वर करतात, आणि तास रंगला असं शिक्षकाला वाटतं. प्रत्यक्षात सगळं पाणी हेडलाच मुरलेलं असतं.

कालव्यावर ह्याचा उपाय लोकांनी केव्हाच शोधलेला आहे. आवर्तन सुटलं की पाणी आधी टेलला न्यायचं आणि मग मागे हेडकडे भरत यायचं. हेडच्या शेतकऱ्याला त्यात काही तोटा नाही, पाणी त्याच्या बांधावरूनच जाणार आहे. वर्गातही प्रश्न आधी शेवटच्या बाकावर न्यावा आणि उत्तराची वाट पाहावी, ती कितीही लांबली तरी. पाण्याच्या त्या तासाला सगळी चर्चा पालटली ती तिथूनच आलेल्या प्रश्नानं. रान असलेल्या कुणाला तो प्रश्न सुचला नव्हता, आणि मॅडमनाही सुचला नव्हता. तो मुलगी बोलली म्हणूनच कळला. संवादातून शिकवण्याचं कारणही हेच आहे: वर्गाला जे ठाऊक व्हायला हवं, त्यातलं काही फक्त त्या बाकावरच्या माणसाकडे असतं.